लिस पेंडन्स: शब्द कुठून आला, आणि वावर घेताना त्याचा अर्थ काय?

अनेरकाठ

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यात अनेर नदीच्या अंगाला तीन एकर काळं वावर बघितलंय. विहीर आहे, रस्ता आहे, सातबारा स्वच्छ आहे, आणि भाव आजूबाजूच्या भावापेक्षा बराच खाली. वकिलांकडून सर्च काढला तर सूची क्रमांक २ मध्ये एक दस्त निघाला : ‘नोटीस ऑफ लिस पेंडन्स’.

विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "काही नाही हो, बहिणीनं टाकलेला कागद आहे. कोर्टाची मनाई नाही, खरेदी होऊन जाते." गावात दोघांना विचारलं तर त्यांनी ‘लीज पेंडिंग आहे’ असं सांगितलं, म्हणजे जमीन कुणाला तरी भाडेपट्ट्यानं दिलेली आहे असा त्यांचा समज.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, हा शब्द मुळात काय आहे, कुठल्या भाषेतला, कायद्यात कसा आला. दुसरं, इसार द्यावा का. पहिल्याचं उत्तर कळल्याशिवाय दुसऱ्याचं कळणार नाही असं वाटतं, म्हणून इथे सविस्तर विचारतोय.

दिवाणी_जळगाव

इसार आत्ता देऊ नका. आधी हे वाचा.

याचा लीजशी काही संबंध नाही. लिस पेंडन्स म्हणजे चालू असलेला, निकाल न लागलेला दावा. आपल्याकडे ही गोष्ट मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे. स्थावर मिळकतीतला हक्क ज्या दाव्यात थेट आणि नेमकेपणानं वादात आहे, तो दावा चालू असताना वादी-प्रतिवादींपैकी कुणीही ती मिळकत अशा रीतीनं हस्तांतरित करू शकत नाही, की समोरच्याला हुकूमनाम्यानं, म्हणजे कोर्टाच्या निकालानं, मिळणाऱ्या हक्काला धक्का बसेल. हस्तांतर करायचंच तर कोर्टाच्या परवानगीनं आणि कोर्ट घालील त्या अटींवर.

आता विकणारा जे सांगतोय त्यात अर्धं खरं आहे, आणि तेच धोक्याचं. मनाई हुकूम वेगळा. तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली मागावा लागतो, आणि मोडला तर जप्ती किंवा दिवाणी कैद होऊ शकते. लिस पेंडन्समध्ये असं काही नाही. दुय्यम निबंधक तुमचं खरेदीखत नोंदवून देईल, शिक्का मारील, पावती देईल. खरेदी रद्दबातल ठरत नाही. पण ती त्या दाव्याच्या निकालाच्या ताब्यात राहते. बहीण जिंकली तर तिच्या हिश्श्यापुरतं तुमचं खरेदीखत तिच्यापुढे चालणार नाही. "मला माहीत नव्हतं, मी प्रामाणिकपणे पैसे मोजले" हा बचावही इथे लागू पडत नाही. गुरुस्वामी नाडर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली हे स्पष्ट केलंय.

भाव खाली का आहे, हे यात आलं.

धुळ्याचे_सर

शब्दाच्या मुळाबद्दल मी लिहितो. नोकरीच्या काळात लॅटिन थोडंफार वाचलं होतं आणि हा विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे लांबेल.

‘लिस’ म्हणजे तंटा, कज्जा, दावा. लॅटिनमध्ये हे स्त्रीलिंगी नाम आहे. त्याचं फार जुनं रूप ‘स्त्लिस’ होतं. पुढे बोलण्यातून सुरुवातीचे वर्ण गळून पडले, पण सरकारी नावात टिकले : रोममध्ये दावे निकाली काढणाऱ्या दहा जणांच्या मंडळाला शेवटपर्यंत ‘डेसेम्विरी स्त्लिटिबुस यूडिकांडिस’ असंच म्हणत. सरकारी कागद जुनी भाषा सोडत नाही, हे आपल्याकडचं फेरफाराचं रजिस्टर वाचणाऱ्याला सांगायला नको. ‘लिटिगेशन’ यातूनच आला : लिस अधिक ‘आगेरे’, म्हणजे चालवणे. दावा चालवणे.

‘पेंडन्स’ हे ‘पेंडेरे’ या क्रियापदाचं रूप, अर्थ लोंबकळणारा, टांगलेला. पेंडिंग, पेंड्युलम, गळ्यातलं पेंडंट, सगळी त्याच घरची. ‘प्रलंबित’ शब्दातही लोंबण्याचाच धातू आहे, त्यामुळे ‘प्रलंबित दावा’ हे मराठी रूप अगदी मुळाला धरून आहे.

पण नुसत्या शब्दार्थानं काम भागत नाही. खरी गोष्ट त्या मागच्या विचाराची आहे. रोमन कायद्यात ज्या वस्तूवर दावा चालू आहे तिला ‘रेस लिटिगिओसा’ म्हणत, म्हणजे वादग्रस्त वस्तू. ऑगस्टस बादशहाच्या एका फर्मानात अशी वस्तू ताबा नसलेल्या माणसाकडून विकत घेणं निरर्थक ठरवलं होतं आणि घेणाऱ्याला दंडही होता. सहाव्या शतकात जस्टिनियननं कायद्याचं संकलन करवून घेतलं, त्यात वादग्रस्त वस्तूंवर स्वतंत्र प्रकरणच आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही लोक हेच करत होते : दावा लागला की माल तिसऱ्याच्या गळ्यात मारायचा.

तिथून हे इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टात गेलं. १६१८-१९ च्या सुमाराला लॉर्ड बेकननं त्या कोर्टासाठी नियम घालून दिले. त्यातला बारावा नियम सांगतो की दावा दाखल होण्याआधी ज्यानं प्रामाणिकपणे घेतलं त्याला हुकूमनामा बांधत नाही, पण जो ‘पेंडेन्टे लिटे’, म्हणजे दावा चालू असताना, कोर्टाला न विचारता आत शिरला त्याला बांधतो. आपल्या कलम ५२ चं बीज इथे आहे.

एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. रोमन कायदा अशी खरेदी मोडीत काढायचा. इंग्रजी विचार खरेदी मोडत नाही, ती निकालाच्या मागे बांधून ठेवतो.

जिभाऊ_शिरपूर

सर, बठ्ठं वाचं. मी एक गोट सांगस.

मना मावसभाऊनं सेंधव्याकडे वावर घेतलं. शिरपूरहून बिजासन घाट चढला की मध्य प्रदेश, तिकडे भाव कमी. त्यानं तिथल्या रजिस्ट्री कचेरीत सगळं तपासलं, लिस पेंडन्सची नोटीस कुठेच नव्हती. खरेदी झाली, पेरणी झाली, मग समजलं की खरेदीच्या आधीपासून कोर्टात दावा चालू आहे. आता तो म्हणतो, नोटीस नाही तर मला लागू कसं? इथे जळगावच्या वकिलांनी सांगावं.

दिवाणी_जळगाव

जिभाऊ, खानदेशातल्या लोकांनी हे नीट समजून घ्यायलाच हवं, कारण रावेरचे लोक बऱ्हाणपूरकडे घेतात, शिरपूरचे सेंधव्याकडे. हद्द ओलांडली की नियम बदलतो.

मूळ केंद्रीय कलमात नोटीस नोंदवण्याची अटच नाही. दावा कोर्टात सादर झाला त्या तारखेपासून बंधन सुरू, कुणाला माहीत असो नसो. मध्य प्रदेशात तेच चालतं. म्हणून तुमच्या मावसभावाला ‘नोटीस नव्हती’ हे सांगून सुटता येणार नाही. त्यांनी तिथल्या वकिलाकडून त्या दाव्यात सामील होण्याचा अर्ज लगेच करावा. आदेश २२ नियम १० खाली कोर्टाच्या परवानगीनं खरेदीदार दाव्यात येऊ शकतो. परवानगी कोर्टाच्या मर्जीवर आहे, पण बाहेर बसून राहिलं तर आपली बाजू मांडायला कुणीच नसतं. विकणाऱ्यानं पैसे घेतलेत, तो दावा नेटानं कशाला लढवील?

महाराष्ट्रात मुंबई प्रांतानं १९३९ साली या कलमात दुरुस्ती केली. त्यानुसार दाव्याची नोटीस नोंदणी कायद्याखाली नोंदवली, तरच आणि तेव्हापासूनच बंधन लागतं. गुजरातलाही ही दुरुस्ती जुन्या मुंबई राज्याकडूनच मिळाली, त्यामुळे नवापूरच्या पलीकडेही हाच प्रकार. २०१० च्या टी. जी. अशोक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं या दुरुस्तीचा मुद्दाम उल्लेख केला आणि विधी आयोग व संसदेनं अशाच दुरुस्तीचा विचार करावा अशी आशा व्यक्त केली, कारण बाकी देशात बिचाऱ्या खरेदीदाराला दावा आहे की नाही हे शोधायला खात्रीची जागा नाही.

धुळ्याचे_सर

वकीलसाहेबांनी १९३९ काढलं म्हणून एक जोड देतो. इंग्लंडनं नोंदणीची अट १८३९ च्या कायद्यात घातली होती. आपल्या मुंबई प्रांताला तिथे पोचायला बरोबर शंभर वर्षं लागली.

मधल्या काळात १८५७ चा बेलामी विरुद्ध सबाइन हा निकाल येतो. तिथे लॉर्ड क्रॅनवर्थनं सांगितलं की खरेदीदाराला दाव्याची माहिती होती असं गृहीत धरून हे तत्त्व उभं नाही. पक्षकारांना दावा चालू असताना विरुद्ध पक्षाचं नुकसान होईल असे हक्क तिसऱ्याला देऊच द्यायचे नाहीत, यावर ते उभं आहे. नाहीतर काय होईल ते बघा. मी अमळनेरच्या माणसावर दावा लावला, त्यानं पारोळ्याच्याला विकलं. पारोळ्याच्यावर दावा लावला, त्यानं एरंडोलच्याला विकलं. प्रत्येक वेळी नवा दावा, नवी फी, नव्या तारखा. ज्याच्याकडे पैसा आणि नातेवाईक जास्त, तो कधीच हरणार नाही.

आणखी एक. खानदेश तेव्हा मुंबई इलाख्यात, आणि १८८२ चा हा कायदा इलाख्याला लागू झाला १ जानेवारी १८९३ पासून. त्याआधी इथली कोर्टं १८२७ च्या रेग्युलेशनमधल्या ‘न्याय, समन्याय आणि सद्‌विवेक’ या आधारावर अशा गोष्टी ठरवत.

माहेर_यावल

मी हा धागा कालपासून वाचतेय. ‘बहिणीनं टाकलेला कागद’ हे वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. मी अशीच एक बहीण आहे.

आमचं वावर केळीचं. वडील गेले, वारसाची नोंद लागली, आणि भावांनी आम्हा बहिणींकडे हक्कसोड पत्र मागितलं. मोठ्या ताईनं सही केली. मी नाही केली, कारण माझे मालक गेल्यानंतर दोन लेकरांचं सगळं मीच बघते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क दिलाय, आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालानं वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते हाही वाद मिटवलाय. मी वाटणीचा दावा लावला.

दावा लावून काही दिवस झाले नाहीत तोवर एक दलाल गिऱ्हाइकं घेऊन बांधावर यायला लागला. विहीर दाखवायची, ड्रिप दाखवायचं. मला शेजारच्या काकूंनी फोन करून सांगितलं. वकिलांकडे गेले तेव्हा त्यांनी हा शब्द पहिल्यांदा सांगितला. नोटिशीत काय असतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ज्याचा हक्क वादात आहे त्याचं नाव-पत्ता, मिळकतीचं वर्णन, कोर्टाचं नाव, दाव्याचा प्रकार व शीर्षक आणि दावा दाखल झाल्याची तारीख. आमच्या कागदात गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा, खाली रे.मु.नं., म्हणजे दाव्याचा नंबर, असं होतं. दुय्यम निबंधकाकडे अंगठा, फोटो, सगळं खरेदीखतासारखंच. बायांना सांगते, सही करण्याआधी प्रत्येक गट नंबर ताज्या सातबाऱ्याशी बोट ठेवून ताडून बघा. जो गट कागदात नाही त्याला संरक्षण नाही.

नोंदणी झाल्यावर दलाल यायचा थांबला. भावकीत मात्र बोलणं झालं की हिनं माहेर तोडलं, वावराला डाग लावला. मी डाग लावलेला नाही. दावा पाच वर्षं चालो, दहा वर्षं चालो, निकालाच्या दिवशी ते वावर जागेवर असावं एवढंच मी मागितलंय. माझ्यासारखीच्या हातात दुसरं काय आहे? भाऊ तिथे राहतात, पीक तेच काढतात, तलाठ्याकडे त्यांची उठबस. माझ्याकडे तो एक दस्त आहे.

अनेरकाठ दादा, तुम्ही जे वावर घेताय तिथेही कुणीतरी असं उभं असेल. विकणाऱ्याशी बोललात, एकदा त्या ताईशीही बोला.

प्लॉट_भुसावळ

ताईंचं पटतं, पण दुसरी बाजूही इथे यायला हवी.

आमच्या भागात एका बिनशेती लेआउटमध्ये मी आणि बऱ्याच नोकरदारांनी प्लॉट बुक केले. एका माणसानं जुनं साठेखत पुढे करून मूळ मालकावर करारपूर्तीचा दावा लावला आणि संपूर्ण गटावर लिस पेंडन्स नोंदवून ठेवली. बँकेनं सर्च बघितला आणि सगळ्यांची कर्जं थांबवली. मनाई हुकूम त्यानं मागितलेलाच नाही, कारण तिथे पुरावा दाखवावा लागतो. नोटिशीला कोर्टाची परवानगीसुद्धा लागत नाही. आमचे पैसे अडकले, भाडंही भरतोय, आणि निरोप येतो की ‘बसून मिटवा’. रक्कम ऐकली तर झोप उडते. कायद्यानं दुबळ्याला हत्यार दिलं, मान्य. ते दुबळ्याच्याच हातात राहतं असं मात्र नाही.

दिवाणी_जळगाव

तुमची तक्रार रास्त आहे. असे दावे मी कोर्टात पाहतो. तरी उपाय आहेत, आणि लोक ते वापरत नाहीत.

कलम ५२ मध्येच ‘कोर्टाच्या परवानगीनं’ असे शब्द आहेत. मूळ मालकानं अर्ज करून म्हणावं की या मिळकतीचे व्यवहार करू द्या, मी सुरक्षा रक्कम ठेवतो. विनोद सेठ प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं सुरक्षा घेऊन मिळकत या बंधनातून मोकळी करण्याचा मार्ग दाखवलाय. दावा वरवर पाहता पोकळ असेल आणि मिळकत मोठी असेल, तर हा अर्ज करायलाच हवा. वादीचा दावा गटाच्या एका भागापुरता असेल आणि नोटीस अख्ख्या गटावर असेल, तर तेही कोर्टाच्या नजरेस आणा.

दुसरं, दाव्यात मिळकतीतला हक्क थेट वादात आहे का ते बघा. उसनवारीच्या, नुसत्या पैशांच्या दाव्याला कलम ५२ लागत नाही. आणि संगनमतानं लावलेला दावाही यातून वगळलेला आहे.

ताईंच्या बाजूनं एक सांगतो. वाटणीच्या दाव्यात प्राथमिक हुकूमनामा झाला की लोकांना वाटतं संपलं. संपत नाही. शेतजमिनीची वाटणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली कलेक्टरकडे जाते, मग मोजणी, मग पोटहिस्से, मग ताबा. हुकूमनामा पूर्ण वसूल होईपर्यंत दावा प्रलंबितच धरला जातो, हे कलम ५२ च्या स्पष्टीकरणातच आहे. अपील झालं, अगदी औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं, तरी बंधन सोबत जातं. दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत, ताबा घ्यायची वेळ आली तर मधल्या खरेदीदाराला आडवं येता येत नाही.

अनेरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः यावलच्या ताईंचे. काल ई-कोर्टच्या साइटवर पक्षकाराच्या नावानं शोधलं, दावा सापडला. वाटणीचाच आहे, दोन भाऊ आणि एक बहीण. अजून कोर्टानं वादाचे मुद्देही काढलेले नाहीत. माझा एकच प्रश्न उरतो : विकणाऱ्या भावाचा स्वतःचा हिस्सा तर आहेच ना? मग माझी खरेदी तेवढ्यापुरती तरी टिकेल?

दिवाणी_जळगाव

हो, आणि अशोक कुमार प्रकरणात याचीच मांडणी आहे. विकणाऱ्याचा हक्क पूर्ण शाबूत राहिला तर तुमची खरेदी पूर्ण टिकते. काही भागापुरता राहिला तर तेवढ्यापुरती टिकते. सगळंच दुसऱ्याकडे गेलं तर तुम्हाला काही मिळत नाही.

वाटणीत तिघांचा सारखा हिस्सा धरला तर एकट्या भावाकडे तिसरा हिस्सा. एकूण जमीन नऊ एकर असेल तर तीन एकर त्याच्या वाट्याला येतील, पण ते हेच तीन एकर असतील याची हमी नाही. विहीर आणि रस्ता असलेला तुकडा बहिणीला किंवा दुसऱ्या भावाला गेला, तर तुमच्या वाट्याला खरबड येईल. शक्य असेल तिथे विकलेला तुकडा विकणाऱ्याच्याच हिश्श्यात धरा अशी विनंती कोर्टाला करता येते. पण कोर्टानं ती मानलीच पाहिजे असं नाही. या आशेवर पैसे लावू नयेत.

सरळ मार्ग आहे. तिन्ही भावंडांना एकत्र बसवा. बहिणीला जमीन हवी की पैसे, ते तिच्याच तोंडून ऐका. जमलं तर आदेश २३ नियम ३ खाली तडजोड दाखल करून हुकूमनामा करून घ्यायचा, त्यात कुणाला कोणता तुकडा ते नकाशासह लिहायचं, खरेदीखतावर तिघांच्या सह्या घ्यायच्या, बहिणीची रक्कम तिच्याच खात्यात गेल्याचा उल्लेख खरेदीखतात यायला हवा. नोटीस ज्या दुय्यम निबंधकाकडे नोंदली आहे तिथे ती मागे घेतल्याचा दस्तही नोंदवा, म्हणजे पुढे तुम्ही कर्ज काढायला गेलात तर बँक अडवणार नाही.

माहेर_यावल

आणि तडजोडीच्या दिवशी त्या ताईसोबत तिचा स्वतःचा वकील असू द्या. भावानं आणलेला नको.

अनेरकाठ

तसंच करतो. विकणाऱ्याला आजच सांगितलं की बहिणीला घेऊन बसल्याशिवाय इसार नाही. तो आधी चिडला, मग संध्याकाळी त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला, की आमचंही हेच म्हणणं होतं. पुढच्या आठवड्यात चोपड्याला वकिलांच्या ऑफिसात बैठक ठरतेय. बैठकीत काय ठरतं ते इथेच लिहीन.